शून्य पूर्णांक शून्य दोन

टिळक रोडच्या कडेला चेंबरचं झाकण सारून
मी आत बसलोय, गुडघ्यापर्यंत ओल.
वर सभागृहाच्या कर्ण्यातून
खासदार घारपुरे बाईंचं भाषण फुटपाथवर सांडतंय.
राज्यसभेच्या खासदार.
म्हणजे निवडून आलेल्या,
पण आमच्या बोटाला शाई न लागता.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी.
केसाएवढी काच सोलायची, स्पिरिटनं पुसायची,
उरलेला तुकडा चिकटपट्टीवर मोजून ठेवायचा.
एकदा बोटात गेला होता.
सासूबाईंनी चष्मा लावून अर्धा तास शोधला.
दिसत नव्हता. होता.

बाई म्हणतात,
"ज्यानं कुलूप घडवलं
त्याच्या खिशात दुसरी किल्ली नाही, हे कशावरून?
परक्याची पेटी आपल्या टॉवरवर,
आणि आपण रोज तिच्या कानाशी
पगार सांगतो, आजार सांगतो,
सीमेवरचा पोरगा कुठे उतरला तेही सांगतो."
टाळ्या.
मलाही पटलं.
सांधायच्या मशीनवरचं नाव मी कोपरानं झाकलं.
कुलथे कंत्राटदारानं हप्त्यांवर घेतलंय,
आणि अजून सात हप्ते आहेत.

राखाडी, पांढरा, लाल.

"बाजार डोंगर चढत नाही," बाई म्हणाल्या,
"त्याला धाप लागते.
सरकारनं त्याला पाठुंगळी घ्यायचं
की आपणच वर जायचं,
अर्थसंकल्पात एवढंच तर ठरवायचं असतं."
मागून कुणी विचारलं, "आणि पैसा कुठून आणणार?"
पुण्यात हा प्रश्न
व्याख्यानाआधीच घरून लिहून आणलेला असतो.
बाईंनी उत्तर दिलं,
नेमकी तेव्हा पीएमपीची बस गेली माझ्या डोक्यावरून.
ते उत्तर राहिलंच.

काळा, पिवळा, जांभळा.
दोन टोकं समोरासमोर. ठिणगी.
पडद्यावर रेघ एकसंध.

माझ्या बॅरिकेडमुळे त्यांची गाडी अडली होती.
चेंबरच्या काठावर आधी चपला आल्या, मग साडीच्या निऱ्या,
मग बाईच वाकल्या.
"एका सांध्यात किती घट येते?"
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, रस्ता कधी बुजवणार.
"शून्य पूर्णांक शून्य दोन."
"म्हणजे काहीच नाही."
"काहीच नाही, बाई."
"तुमच्या गावी पोचलीय का ही?"

पोचलीय. पानशेतच्या मागे, आमच्या वरच्या वाडीपर्यंत.
दोन दिवाळ्या झाल्या, शेवटचा सांधा मीच मारला,
तिथंही शून्य शून्य दोनच.
पेटी ग्रामपंचायतीत आहे.
बॅटरी मेलीय.
पंचायतीला कुलूप, किल्ली ग्रामसेवकाकडे,
आणि ग्रामसेवक राहतो धायरीत.
माझी भाची कुंदा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला
पाण्याच्या टाकीवर चढते.
तिचा बाप खाली शिडी धरून उभा असतो.

बाई हसल्या नाहीत.
माझ्या खिशातलं पेन मागून
निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी लिहून घेतलं,
धायरीसुद्धा.
पेन त्यांच्याकडेच राहिलं.
शाई निळी होती. दहा रुपयांचं.

अधिवेशनाच्या दिवशी मी वाडीतच होतो.
कुंदाबरोबर टाकीवर चढलो, मेहुणा खाली शिडी धरून.
मोबाईल तिनं डोक्यावर धरला, आरती ओवाळावी तसा फिरवला,
आणि बाई दिसल्या.
सुरक्षेबद्दल बोलल्या. कुलूप आलं, दुसरी किल्ली आली.
मग म्हणाल्या, "अंतिम टप्प्यातील संलग्नतेची तूट."
कुंदा म्हणाली, "मामा, हे आपलंच का?"
असावं.
टाकी त्यात नव्हती, शिडी नव्हती.
"मी स्वतः पुण्यात एका," एवढं म्हणाल्या
आणि चित्र थिजलं. मधोमध चक्र फिरायला लागलं.

"थांब, येईल," कुंदा म्हणाली
आणि टाचा उंचावल्या.
खालून मेहुणा विचारत होता, झालं का, झालं का.
बाईंचं तोंड अर्धं उघडं,
उजवा हात वर.
मी त्या हाताकडेच बघत राहिलो.
बोटांत काहीतरी निळं होतं.
माझं पेन होतं की काय,
नीट दिसलं नाही.